संगणकाला थांबायला कसे शिकवले?

शाळेत घंटा देणारे एक शिपाईमामा आहेत असे समजा. त्यांच्यापाशी घड्याळ एकच. एक बाई सांगून जातात, ‘मामा, मला ५ मिनिटांनी आठवण करा.’ एक सर १२ मिनिटांनी म्हणतात, दुसरे २० मिनिटांनी. मामांनी प्रत्येकाची मोजणी वेगळी ठेवली, तर दर मिनिटाला तीन आकडे एकाने कमी करावे लागतील. सांगणारे तीस झाले तर तीस! मग मामा बाकीची कामे करणार कधी?

संगणकापुढेही नेमका हाच प्रश्न होता. तो कसा सुटत गेला, ते पाहू.

अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली. १९७३ मध्ये ती रिची यांनी तयार केलेल्या सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. ज्या पीडीपी-११ संगणकावर ती चाले, त्याचे घड्याळ विजेच्या प्रवाहाच्या तालावर चालत असे. तिकडे प्रवाहाची वारंवारता सेकंदाला ६०. त्यामुळे सेकंदाला ६० वेळा प्रोसेसरला एक टोचणी मिळे. तिला आपण ‘टिक’ म्हणू. संगणकाला वेळ कळत नाही, त्याला फक्त टिका मोजता येतात.

आता थांबण्याची गरज कुठे पडे? त्या काळी बरेच लोक टेलिप्रिंटरसारख्या छापणाऱ्या यंत्रावरून काम करीत. ओळ संपली की छापणारा भाग उजवीकडून डावीकडे परत यायला वेळ लागे. तेवढ्यात पुढचे अक्षर पाठवले तर ते कागदाच्या मधेच कुठेतरी उमटे. म्हणून काही टिका थांबणे भाग होते. पण एकाच संगणकावर अनेकजण काम करीत असल्यामुळे एकासाठी सगळ्यांना थांबवणे परवडणारे नव्हते.

युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत यावर एक छोटा तक्ता होता. त्यात एका वेळी २० नोंदी मावत. प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी: किती टिकांनंतर, कोणते फंक्शन चालवायचे आणि त्याला कोणती किंमत द्यायची. सी भाषेत फंक्शनचा पत्ता एखाद्या संख्येसारखा साठवून ठेवता येतो. त्यामुळे ‘नंतर हे काम कर’ असे तक्त्यात लिहून संगणक दुसऱ्या कामाला मोकळा होई.

खरी गंमत पहिल्या रकान्यात आहे. ५, १२, २० असे आकडे तिथे लिहिलेलेच नसत. लिहिलेले असे ५, ७, ८. म्हणजे आधीच्या नोंदीपासूनचा फरक. प्रत्येक टिकेला फक्त पहिला आकडा एकाने कमी करायचा. तो शून्य झाला की ते काम उरकायचे आणि ७ पासून पुढची मोजणी चालू. मधेच कोणी १५ टिकांची नोंद आणली तर? पहिले ५ आणि ७ वजा केले की ३ उरतात. तिथे ३ लिहायचे आणि मागच्या ८ चे ५ करायचे. तक्ता झाला ५, ७, ३, ५. बेरीज करून पाहा: ५, १२, १५, २०.

ही युक्ती वर्गापर्यंत पोचली ती एका शिक्षकामुळे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवणाऱ्या जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये या आवृत्तीच्या गाभ्याची मूळ आज्ञावली आणि तिच्यावरचे भाष्य विद्यार्थ्यांसाठी छापले. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ आज्ञावली वर्गात शिकवायला बंदी घातली. तरी लायन्स यांच्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती जगभर फिरत राहिल्या. ते रीतसर प्रकाशित व्हायला १९९६ साल उजाडले.

वीस नोंदींपुरता हा तक्ता उत्तम होता. पण संगणकांची जाळी वाढली. पाठवलेल्या संदेशाची पोच आली नाही तर तो पुन्हा पाठवायचा, यासाठी प्रत्येक संदेशामागे एक नोंद लागू लागली. तक्त्यात हजार नोंदी असतील तर नव्या नोंदीची जागा शोधायला सरासरी पाचशे नोंदी ओलांडाव्या लागतात. मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर जॉर्ज वर्गीस आणि त्यांचे सहकारी टोनी लॉक यांनी १९८७ मध्ये यावर चाकांची कल्पना मांडली. चाकाला खाने असतात आणि दर टिकेला काटा एक खाना पुढे सरकतो. २० टिकांनंतरचे काम काट्यापासून विसाव्या खान्यात टाकायचे. शोधाशोध नाहीच.

लांबच्या कामांसाठी फार मोठे चाक लागेल, ही अडचण आपल्या घड्याळानेच सोडवली आहे. दिवसातील प्रत्येक सेकंदाला एक खाना द्यायचा तर ८६,४०० खाने लागतील. पण तास, मिनिट आणि सेकंद अशी तीन चाके केली की २४ + ६० + ६० = १४४ खाने पुरतात! तासाचा खाना आला की त्यातील कामे मिनिटांच्या चाकात वाटायची, तिथून सेकंदांच्या. बीएसडी युनिक्स आणि लिनक्समध्ये पुढे अशीच चाके आली.

एक धोका मात्र उरतो. टिका मोजणारी संख्या कधीतरी भरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पहिल्या युनिक्समध्ये सेकंदाचे साठावे भाग ३२ बिटांत मोजत. ती मोजणी सव्वादोन वर्षांतच भरणार होती. हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. बोइंग ७८७ विमानांची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर जनित्रांच्या नियंत्रकांमधील मोजणी भरून उडत्या विमानातील वीज जाऊ शकेल, असा इशारा अमेरिकी विमान प्रशासनाने २०१५ मध्ये दिला. सेकंदाचे शतांश ३१ बिटांत मोजले तर ती मोजणी बरोबर इतक्याच दिवसांत भरते.

उपाय पुन्हा फरकाचाच. घड्याळात ११ नंतर १ वाजतो. १ हा आकडा लहान म्हणून ती वेळ आधीची ठरत नाही; ११ पासून पुढे मोजले की फरक २ येतो. लिनक्समध्ये दोन वेळांची तुलनाही अशीच, त्यांची वजाबाकी करून, होते. शिवाय तिथे टिकांची मोजणी शून्यापासून सुरू न करता अशा आकड्यापासून करतात, की संगणक चालू झाल्यावर पाचच मिनिटांत ३२ बिट भरावेत. चूक असेल तर ती महिन्यांनी नव्हे, लगेच, टेबलावरच दिसावी!

वर्गात हे करून पाहता येईल. चार विद्यार्थ्यांना ५, ७, ३, ५ अशा चिठ्ठ्या देऊन ओळीत उभे करा आणि टाळ्या वाजवा. मोजायचे फक्त पहिल्याने. त्याची मोजणी संपली की त्याने बसायचे आणि पुढच्याने मोजू लागायचे. मग मधेच एक नवा विद्यार्थी आणा आणि विचारा: कोणाची चिठ्ठी बदलावी लागेल? आणि किती जणांच्या?