पांढऱ्या बेरियमपासून गोड पाण्यापर्यंत

आजचा एपिसोड थेट पोटातला आहे.

गेल्या वर्षी माझी पोटदुखी काही केल्या हटेना. डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्याचा टीबी किंवा क्रोन्स, दोन्हींची शंका आहे. सीटी एंटेरोग्राफी करून घे." घोळ असा की क्रोन्सला स्टिरॉइड देतात, आणि तेच टीबीत दिलं तर टीबी बळावतो. सेंटरवर हातात बाटल्या दिल्या. मॅनिटॉल घातलेलं दीड लिटर गोड पाणी, पाऊण तासात संपवायचं! बाबांच्या तपासणीला तर पांढरं बेरियम प्यायला दिलं होतं. मग मला पाणी का?

तर गोष्ट सुरू होते 1895 मध्ये. राँटजेनने क्ष-किरण शोधले, हाडं दिसायला लागली. पण आतडं मऊ, ते काही दिसेना. 1896 मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलं अन्न भरवलं आणि ते गिळताना पाहिलं. 1904 मध्ये म्युनिकच्या रीडरने हीच युक्ती रुग्णांवर वापरली. पण बिस्मथ सबनायट्रेटपासून पोटात नायट्राइट तयार व्हायचं, आणि त्याची विषबाधा होऊन काही रुग्ण दगावले. मग 1910 च्या सुमारास बेरियम सल्फेट आलं. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. सल्फेट विरघळतच नाही, म्हणून चालतं.

1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचं सीटी झालं. मशीन बनवणारा हाउन्सफील्ड इंजिनिअर होता, म्हणजे आपल्याच बिरादरीतला! त्याच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे 1000. सीटीत घट्ट बेरियमने चित्रावर रेघोट्या उठतात, म्हणून ते साधारण 2 टक्क्यांपर्यंत पातळ केलं, नाहीतर आयोडीनचं औषध दिलं. आतडं पांढरं दिसलं की गाठ कुठली आणि आतडं कुठलं, हे कळायचं.

पुढे मशीन वेगवान झाली. शिरेतून औषध दिलं की सुजलेली भिंत उजळते, हे नीट टिपता यायला लागलं. पण आत पांढरं, भिंतही पांढरी, मग ओळखणार कशी? म्हणून आत पाण्यासारखं काळपट काहीतरी हवं. नुसतं पाणी वाटेतच शोषलं जातं, आणि टीबी काय, क्रोन्स काय, दोघांचाही आवडता अड्डा म्हणजे लहान आतड्याचा शेवट. मॅनिटॉल, सॉर्बिटॉल, पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे पाणी धरून ठेवतात. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी चक्क दूध वापरून पाहिलं. महागड्या तयार औषधाच्या तोडीस तोड निघालं, आणि स्वस्तही!

फुकट मात्र काहीच नाही. मॅनिटॉलने पोट फुगतं आणि संडासच्या फेऱ्या होतात, दूध सगळ्यांना पचत नाही. आणि पांढरं औषध बाद झालेलं नाही. आतड्यातून गळती आहे का, हे शोधायला आयोडीनवालं आजही देतात.

माझ्या स्कॅनमध्ये शेवटच्या भागाची भिंत जाड दिसली. मग कोलोनोस्कोपीत तुकडा काढला, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, आता ठणठणीत आहे. आत पांढरं असतं, तर ती भिंत इतकी स्पष्ट दिसली असती का, कोण जाणे.

तर कुणी तुमच्या हातात ती बाटली दिली, तर तोंड वाकडं करा, पण संपवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!