रानपिंगळ्याचा पुरावा

जंगलात फिरायला गेलेला माणूस हल्ली एखाद्या तरी पक्ष्याचे छायाचित्र घेऊन परततो. पक्षी लांब, उजेड कमी, त्यात हात हललेला. घरी आल्यावर प्रश्न पडतो, हा कोण? अशा धूसर चित्रावर किती विसंबावे, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून चांगले समजते.

घुबडाच्या कुळातला हा लहानसा पक्षी १८७२ साली ब्लुइट यांना बसना-फुलझर भागात मिळाला. हा भाग आज छत्तीसगडात आहे. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले गेले, तेच हे ह्यूम. मग जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याला खानदेशात काही नमुने मिळाले, शेवटचा १८८४ साली. त्यानंतर शंभरावर वर्षे पक्षी बेपत्ता!

मधल्या काळात पुरावे आले नाहीत असे नाही. पण रानपिंगळा म्हणून दाखवलेली छायाचित्रे आपल्या गावातल्या साध्या पिंगळ्याची निघाली. दोघांचे साम्यच तसे आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. आता असे पाहा, चित्र अस्पष्ट आले की बारीक ठिपके आधी पुसले जातात आणि साधा पिंगळाही कोऱ्या डोक्याचा दिसू लागतो. चित्रात ठिपका दिसला नाही, म्हणून पक्ष्यावर तो नव्हताच असे ठरत नाही.

दुसरा पुरावा तर सरळ खोटा होता. कर्नल मायनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याचे सांगितलेला नमुना हा डेव्हिडसनचाच जुना पक्षी होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून त्याला दुसरी चिठ्ठी लावलेली! पामेला रासमुसेन यांनी ही नोंद बाजूला ठेवली आणि खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशातच, शहाद्याजवळ, त्यांना व बेन किंग यांना रानपिंगळा दिसला, तोही दिवसाढवळ्या. पुढे मेळघाटात आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही तो आढळला.

तेव्हा चित्र पाहताना बारकाव्यांपेक्षा ठळक खुणा आधी पाहाव्यात: छातीवर जवळजवळ सलग तपकिरी रंग, खाली स्वच्छ पांढरे पोट, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसे. नुसत्या रंगावर जाऊ नये, सावलीत तो फसवतो. चित्राबरोबर तारीख, वेळ, गाव, झाड आणि पक्षी काय करत होता, एवढे वहीत टिपावे. शिक्षकांनी मुलांना ही सवय लावावी. आणि एवढे करूनही खात्री पटली नाही, तर ‘ओळख पटली नाही’ असेच लिहावे. चुकीच्या नावामुळे पुढचे शोधक भलत्याच रानात फिरतात, आणि खरे रान राखायचे राहून जाते.