मॉरिस मायनर आणि वार्षिक योग्यता-तपासणी : ब्रिटनमधील एका मोटारीच्या निमित्ताने

जुन्या मोटारीची वार्षिक तपासणी हा विषय प्रथमदर्शनी इतिहासाच्या अभ्यासकापेक्षा गॅरेजमधील मेस्त्रीचाच अधिक वाटतो. परंतु नागरिकाच्या खाजगी मालकीच्या यंत्राकडे राज्यसंस्थेने दरवर्षी पाहावयाचे, त्यातील कोणते भाग पाहावयाचे व कोणते सोडून द्यावयाचे हे कायद्याने ठरवावयाचे, आणि त्या पाहणीवरून गाडी रस्त्यावर ठेवावयाची की काढावयाची हे निश्चित करावयाचे, ही विसाव्या शतकाच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाची घटना होय. अशा तपासणीत एखादी विशिष्ट गाडी वारंवार अनुत्तीर्ण होते असे आढळले, तर त्यावरून नेमके काय सिद्ध होते? गाडी सदोष होती हे, की तपासणीची दृष्टी बदलली हे? ब्रिटनमधील मॉरिस मायनर या गाडीच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करणे सोयीचे आहे. कारण या गाडीचे आयुष्य आणि तेथील तपासणीच्या कायद्याचे आयुष्य बव्हंशी समांतर गेलेले आहे.

ब्रिटनमध्ये वापरातील मोटारींची तपासणी करण्याचा अधिकार १९५६ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने सरकारला दिला. तपासणी प्रत्यक्षात सुरू झाली ती १२ सप्टेंबर १९६० रोजी, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना. आणि १५ फेब्रुवारी १९६१ पासून ती सक्तीची झाली. वाहतूक मंत्रालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'एम. ओ. टी.' हे नाव पडले व तेच रूढ झाले. प्रारंभी दहा वर्षांहून जुन्या गाड्यांनाच ती लागू होती, आणि ब्रेक, दिवे व स्टीअरिंग या तीनच गोष्टी तीत पाहिल्या जात. १९६० साली ग्रेट ब्रिटनमध्ये रस्त्यांवरील अपघातांत ६,९७० माणसे मृत्यू पावली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपायामागील निकड कळते.

मॉरिस मायनर ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. ॲलेक इसिगोनिस हे तिचे रचनाकार. स्वतंत्र चासीवर बसविलेली बॉडी असा जुना प्रकार न ठेवता, बॉडी व सांगाडा एकजीव असलेली रचना त्यांनी स्वीकारली. तिला हायड्रॉलिक ब्रेक व अचूक स्टीअरिंग होते. उत्पादन बंद होईपर्यंत सुमारे सोळा लक्ष मायनर गाड्या तयार झाल्या. येथे एक कालसंगती लक्षणीय आहे. १९६१ च्या फेब्रुवारीत तपासणी सक्तीची झाली तेव्हा पहिल्या दोन-तीन वर्षांतील मायनर गाड्याच काय त्या तीस पात्र होत्या. आणि त्याच वेळी काउलीच्या कारखान्यातून त्याच नावाच्या नव्या गाड्या बाहेर पडत होत्या. एकाच मॉडेलची जुनी गाडी परीक्षेला बसलेली आणि नवी दुकानात विक्रीस मांडलेली, अशी ही स्थिती होती.

पहिल्या वर्षांत अनुत्तीर्ण गाड्यांचे प्रमाण इतके मोठे आढळले की १९६१ संपण्यापूर्वीच दहा वर्षांची मर्यादा सात वर्षांवर आणावी लागली. मात्र हे प्रमाण कोणत्या गाड्यांचे होते हे पाहिले पाहिजे. युद्धोत्तर काळात ब्रिटिश कारखान्यांना निर्यातीवर भर द्यावा लागल्याने देशांतर्गत ग्राहकास नवी गाडी मिळणे दुरापास्त झाले होते. परिणामी युद्धापूर्वीच्या गाड्या दीर्घकाळ वापरात राहिल्या. १९२२ ते १९३९ या काळात निघालेल्या ऑस्टिन सेव्हनसारख्या तारेच्या ब्रेकच्या गाड्या आणि मायनर या एकाच परीक्षेस बसल्या. तेव्हा आरंभीच्या वर्षांतील मायनरची तुलना करावयाची तर ती तिच्या पिढीच्या गाड्यांशी केली पाहिजे, रस्त्यावरील सरसकट सर्व गाड्यांशी नव्हे.

ब्रेक आणि स्टीअरिंग यांवर लक्ष केंद्रित करणाऱ्या या पहिल्या तपासणीने मायनरचे एक वैगुण्य मात्र अचूक हेरले. तिच्या पुढच्या चाकाचा उभा किंगपिन खालच्या टोकास आट्यांच्या सांध्यात फिरतो. या सांध्यास ठराविक अंतरानंतर ग्रीस द्यावे लागते. ते दिले गेले नाही तर आटे झिजतात, आणि झीज फार झाल्यास सांधा निसटून चाक गाडीखाली दुमडते. ब्रेकचा मुख्य सिलिंडरही चालकाच्या पायांखाली, सांगाड्याच्या पोकळीत बसविलेला असल्याने त्याची देखभाल गैरसोयीची होती. हे दोष रचनेचे की मालकाच्या हेळसांडीचे, असा प्रश्न येथे उद्भवतो. नियमाने ग्रीस मिळालेला सांधा वर्षानुवर्षे टिकत असे. म्हणजे तपासणीच्या कागदावर 'अनुत्तीर्ण' हा शेरा गाडीच्या नावावर पडला, तरी त्यात मालकाच्या सवयीचा वाटा मोठा होता.

१९६७ च्या एप्रिलपासून तपासणीची वयोमर्यादा तीन वर्षांवर आली, आणि १९६८ मध्ये टायरांची पाहणी तीत समाविष्ट झाली. या बदलाचा संख्याशास्त्रीय परिणाम उघड आहे. तीन-चार वर्षांच्या ताज्या गाड्या परीक्षार्थींत मिसळल्या की त्या मॉडेलची सरासरी सुधारलेली दिसणार, मग जुन्या गाड्यांच्या अवस्थेत तिळमात्र फरक पडलेला नसला तरी चालेल. कायद्याच्या तारखा बाजूस ठेवून असे आकडे वाचणारा अभ्यासक सहज फसेल.

खरे वळण आले ते १९७७ साली. त्या वर्षी वायपर, दर्शक दिवे, हॉर्न, सायलेन्सर यांबरोबर बॉडी व सांगाड्याची मजबुती हीही तपासणीची बाब झाली. तोवर मायनरचे उत्पादन थांबून पाच-सहा वर्षे लोटली होती. तेव्हा परीक्षेस येणारी प्रत्येक मायनर वयस्क झालेली होती. ज्या एकजीव रचनेमुळे ती हलकी व चपळ ठरली, तीच आता तिच्यावर उलटली. स्वतंत्र चासीच्या गाडीचा पत्रा गंजला तर बहुधा शोभाच जाते. एकजीव गाडीचा पत्रा गंजला म्हणजे तिचा कणाच खचतो. ब्रेक, स्टीअरिंग, स्प्रिंगा इत्यादि जेथे जोडलेल्या असतात तेथून तीस सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा कमकुवत झाला असेल, तर गाडी अनुत्तीर्ण होते. मायनरच्या दाराखालच्या पट्ट्या, आडवी तुळई व मागील पाट्यांचे आधार ही पाणी व चिखल साचण्याची ठिकाणे नेमकी अशीच मर्मस्थाने होत. ट्रॅव्हलर या उपप्रकारात तर मागील भागाचा सांगाडा ॲश वृक्षाच्या लाकडाचा असून तो शोभेचा नव्हे, भार वाहणारा आहे. त्यामुळे ते लाकूड कुजले असता मोटारगाडी लाकडापायी अनुत्तीर्ण ठरते. गंज १९७६ मध्येही होताच. कायद्याने त्याकडे पाहावयास सुरुवात केली ती १९७७ मध्ये.

या निकालांचा भार कोणावर पडला, हेही पाहणे अगत्याचे आहे. नवी गाडी घेणाऱ्यास पहिली काही वर्षे या परीक्षेशी कर्तव्य नसे. दुसऱ्या-तिसऱ्या हाताची मायनर घेणाऱ्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास मात्र ती दरवर्षी द्यावी लागे. शिवाय ग्रेट ब्रिटनमध्ये खाजगी मोटारींची तपासणी अधिकृत परवाना असलेल्या खाजगी गॅरेजांकडे सोपविलेली असून दोष दाखविणारे गॅरेजच पुष्कळदा तो दुरुस्तही करते. याउलट स्वीडनमध्ये १९६५ साली वार्षिक तपासणी सुरू झाली ती दुरुस्तीचा धंदा न करणाऱ्या स्वतंत्र संस्थेमार्फत. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या बाजारभावाहून अधिक झाला की मालक ती भंगारात देई. आणि भंगारात गेलेली गाडी पुढील वर्षीच्या आकड्यांतून नाहीशी होई.

याच ठिकाणी या साधनाची सर्वांत मोठी मर्यादा दृष्टीस पडते. २००५ मध्ये तपासणीच्या नोंदी संगणकावर आल्या, आणि मॉडेलवार निकाल पुढे अभ्यासकांस उपलब्ध झाले. पण तोवर उरलेल्या मायनर या निवडून उरलेल्या होत्या. दुर्बल गाड्या आधीच गळाल्या होत्या, आणि राहिलेल्या बव्हंशी हौशी मालकांच्या होत्या. १९६० पूर्वीच्या गाड्यांना नोव्हेंबर २०१२ मध्ये, व मोठे फेरफार न झालेल्या चाळीस वर्षांवरील गाड्यांना मे २०१८ मध्ये तपासणीतून सूट मिळाली. गाडी सुस्थितीत ठेवण्याची मालकाची कायदेशीर जबाबदारी तेवढी कायम राहिली. ज्या कायद्याने १९६१ मध्ये म्हातारपण हेच संशयाचे कारण मानले, त्याच कायद्याने पुढे म्हातारपण हेच सवलतीचे कारण मानले.

भारताचा या इतिहासाशी संबंध आहे तो हिंदुस्तान मोटर्सच्या द्वारे. या कंपनीने मायनर 'बेबी हिंदुस्तान' या नावाने काढली होती. आणि तिची ॲम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची वंशज २०१४ पर्यंत निघत राहिली. आपल्याकडे मात्र कायद्याने भेद केला तो वयाचा नव्हे, उपयोगाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये टॅक्सीसारख्या परिवहन वाहनांस ठराविक मुदतीने योग्यता-प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी मोटारीच्या नोंदणीस मात्र पंधरा वर्षांची मुदत आहे. त्यामुळे एकाच वर्षीच्या दोन ॲम्बॅसडर गाड्यांपैकी टॅक्सीच्या दोषांची नोंद सरकारदप्तरी झाली, आणि घरच्या गाडीचे दोष मेस्त्रीच्या स्मरणातच राहिले.

सारांश, तपासणीतील यशापयश हे गाडीच्या अंगभूत गुणदोषांचे निखळ मोजमाप नव्हे. कायदा काय पाहतो, मालक काय सांभाळतो, आणि कोणत्या गाड्या परीक्षेपर्यंत पोचतात, या तिहींचे ते संयुक्त फल होय. यावरून तपासणी व्यर्थ होती असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. झिजलेला सांधा वेळेवर हेरला गेला तेथे चाक दुमडण्याचा प्रसंग टळला, आणि न घडलेल्या अपघाताची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसते. त्यासाठीच अनुत्तीर्ण गाड्यांचा आकडा हाती आला असता, त्याखालील वर्ष आणि त्या वर्षीचा नियम ही दोन्ही प्रथम वाचावीत, व मगच गाडीचे नाव वाचावे.