ऑनलाइन बहुखेळाडू खेळ आणि स्त्रियांचा प्रतिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ऑनलाइन बहुखेळाडू खेळांत स्त्रियांच्या वाट्याला येणारी अवहेलना ही अलीकडची बाब नाही. पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या ‘लॅम्डामू’ या केवळ शब्दांवर चालणाऱ्या आभासी विश्वात तिचे प्रारंभीचे उदाहरण आढळते. १९९३ मध्ये तेथे ‘मिस्टर बंगल’ नामक पात्राने इतर पात्रांवरील लैंगिक अत्याचाराची वर्णने सर्वांसमक्ष प्रसृत केली. त्रास देणाऱ्याचे शब्द स्वतःच्या पडद्यावरून वगळण्याची सोय तेथे होती. परंतु इतरांना ते दिसतच असत. म्हणून पीडितेने जाहीर दाद मागितली. सभासदांत चर्चा झाली व ते पात्र हटविण्यात आले. पुढे कर्टिस यांनी सभासदांचे अर्ज व मतदान यांची पद्धती आणली.

२००२ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्सबॉक्स लाइव्ह’सारख्या सेवांमुळे ध्वनिसंवाद रूढ झाला आणि टोपणनावाचा आडोसा अपुरा पडू लागला. २०१६ मध्ये ‘ओव्हरवॉच’ या खेळातील दक्षिण कोरियाच्या किम से-यॉन ऊर्फ ‘गेगुरी’ या किशोरवयीन खेळाडूवर फसवणुकीचा आरोप झाला. तिने प्रेक्षकांसमोर थेट खेळून तो खोडून काढला. २०१८ मध्ये ती ओव्हरवॉच लीगमधील पहिली स्त्री खेळाडू ठरली.

नाव लपविणे वा ध्वनी बंद ठेवणे यांमुळे एकीचे तात्पुरते रक्षण होते. वर्तन मात्र बदलत नाही. उपरोक्त दोन्ही प्रसंगी दाद मागण्याचा वा निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार स्त्रीवरच पडला. तो भार खेळ चालविणाऱ्या संस्थांनी उचलावा, हीच या इतिहासाची शिकवण होय.