लाल-काळी की तपकिरी-निळी? कूलरच्या प्लगमध्ये कोणती वायर कुठे लावायची

रामटेक : उन्हाळा लागला की मनसर, नगरधनपासून देवलापारपर्यंत घरोघरी कूलर बाहेर निघतात. धूळ झाडली जाते, पंप तपासला जातो आणि उंदरानं कुरतडलेली वायर कापून नवा थ्री पिन प्लग बसवण्याचं काम बहुतेक घरीच उरकलं जातं. प्लग उघडला की आत तीन स्क्रू आणि हातात तीन रंगांच्या वायर. चूक होते ती इथेच. कूलरची बॉडी लोखंडी, आत पाणी, खाली ओली फरशी आणि माणूस अनवाणी, म्हणून ही चूक मिक्सर-पंख्यापेक्षा कूलरला जास्त महागात पडते.

सध्या बाजारात मिळणाऱ्या कूलर, प्रेस, फ्रिज यांच्या तीन पदरी वायरीत तपकिरी वायर म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरव्यावर पिवळी पट्टी असलेली म्हणजे अर्थिंग. जुन्या वस्तूंच्या वायरीत आणि घराच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग असते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. त्यामुळे बोर्डातून लाल-काळी निघते आणि कूलरमधून तपकिरी-निळी, म्हणून गोंधळून जायचं कारण नाही. तपकिरी ही लालची जोडीदार, निळी ही काळीची. अर्थिंगला दोन रंगांची पट्टी देण्यामागेही कारण आहे. पुरुषांमध्ये साधारण बारातल्या एकाला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही, पण पट्टी मात्र त्यालाही दिसते.

प्लगच्या आत स्क्रूजवळ इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. ‘एल’वर फेज, ‘एन’वर न्यूट्रल, ‘ई’वर अर्थिंग. अक्षर पुसलं असेल तर झाकण काढून स्क्रूच्या बाजूनं बघा आणि जाड पिन वर धरा. उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वरच्या जाड पिनेला अर्थिंग. पिना स्वतःकडे करून पाहिलं की डावं-उजवं उलटतं, हे विसरू नका. अर्थिंगची पिन जाड असते ती फेजच्या भोकात शिरू नये म्हणून, आणि लांब असते ती प्लग लावताना सगळ्यात आधी टेकावी व काढताना शेवटी सुटावी म्हणून. बोर्डात बसत नाही म्हणून ही पिन कापून टाकणारे, किंवा हिरवी वायर आतच दुमडून टू पिन प्लग लावणारे बरेच आहेत. कूलर तरीही चालतो, थंड हवाही देतो. पण ज्या दिवशी आतल्या वायरीचं आवरण फाटून ती पत्र्याला टेकते, त्या दिवशी करंटला जमिनीत जायला हात लावणाऱ्या माणसाशिवाय दुसरी वाट उरत नाही.

फेज-न्यूट्रल आपसात बदलले तरी वस्तू चालते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. मात्र वस्तूवरचं बटण बंद केल्यावरही आत करंट राहतो. हिरवी वायर चुकून ‘एल’वर गेली तर बोर्डाचं बटण दाबताच कूलरच्या सगळ्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात.

खरा घोळ शेताकडून येतो. थ्री फेज मोटारपंपाच्या चपट्या केबलमध्ये लाल, पिवळी आणि निळी अशा तीन वायर असतात आणि तिन्ही फेज असतात. तिथे न्यूट्रल नाही, अर्थिंगही नाही. घरच्या प्लगमध्ये निळी न्यूट्रल असते, म्हणून स्टार्टरमधली निळी वायर ‘थंडी’ समजून हात लावणाऱ्याला जमिनीच्या हिशेबानं 230 व्होल्टचाच झटका बसतो. दुसरी अडचण अशी की पंपाची उरलेली केबल वाया कशाला घालवायची म्हणून ती घरात एक्स्टेन्शन बोर्डाला किंवा कूलरला लावली जाते. मग प्लगच्या टोकाला एकानं पिवळी अर्थिंगला जोडलेली असते आणि कूलरच्या टोकाला दुसऱ्यानं तीच पंख्याच्या मोटरला. लाल, काळी, निळी यांचे अर्थ तिथे संपतात. अशी केबल घरात वापरूच नये.

जुन्या घरात मधे कधीतरी दुरुस्ती झाली असेल तर भिंतीतल्या रंगावरही डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. हाती जी वायर होती तीच जोडून मोकळं होणारे कारागीर असतात. टेस्टरनं बघा, पण आधी तो टेस्टर चालू असलेल्या दुसऱ्या बोर्डावर पेटतो का ते तपासा. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही असं होत नाही. त्याचा दिवा गेलेला असू शकतो किंवा लाइनच गेलेली असू शकते.

प्लग बदलताना तो बोर्डातून काढून हातात घ्या, फक्त बटण बंद करून भागत नाही. तांब्याच्या सगळ्या तारा पिळून स्क्रूखाली घ्या, एकही तार बाहेर डोकावू नये. हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढाताण झाली तर ती शेवटी तुटेल. वरचं आवरण पट्टीखाली घट्ट दाबलेलं हवं. कूलरला 6 अँपिअरचा प्लग पुरतो. 2000 वॉटचा गीझर मात्र जवळपास 9 अँपिअर घेतो, त्याला 16 अँपिअरचाच प्लग आणि सॉकेट लागतं. प्लग आणि वायर आयएसआय मार्कची घ्या.

हे सगळं बरोबर करूनही बोर्डाच्या मागे अर्थिंगची वायरच नसेल तर हिरवी वायर नुसती शोभेची. अर्थिंग लागते का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावं. त्याच वेळी मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवता येतो. नुसता एमसीबी शॉर्ट सर्किट आणि जादा लोडवर पडतो, माणसाला बसणाऱ्या करंटवर नाही. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.

मीटरच्या पुढचं घरातलं वायरिंग घरमालकाच्या जबाबदारीचं असतं. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, डीपी किंवा तुटलेली तार याची तक्रार महावितरणच्या 1912 या क्रमांकावर करता येते.