कोरडी त्वचा आणि खाज (इंदूर)

कोरडी त्वचा आणि खाज : त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातले पाणी आणि स्निग्धांश घटल्यामुळे ती खरखरीत होणे, ओढल्यासारखी वाटणे, उलणे, तिची सालपटे निघणे आणि तिला खाज सुटणे. वैद्यकात या अवस्थेला ‘झेरोसिस’ म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत हा रोग नसतो. हवा, पाणी, साबण आणि वय यांचा तो एकत्रित परिणाम असतो, म्हणून घरच्या घरी आवरता येतो. ही नोंद इंदुरातील, विशेषतः बडा गणपती, मल्हारगंज, राजवाडा या जुन्या भागातल्या मराठी घरांचे राहणीमान डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. दिवाळी उलटली की उत्तरेकडचा कोरडा वारा सुरू होतो आणि रात्रीचे तापमान बऱ्याचदा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. थंड हवेत बाष्प मुळातच कमी मावते, त्यामुळे उघड्या अंगावरचा ओलावा ती लवकर ओढून घेते. पिंडऱ्यांवर नख ओढले तर पांढरी रेघ उमटते, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. एप्रिल-मे महिन्यांतली लूही कोरडीच असते, पण तेव्हा घाम येतो आणि अंघोळीला कोणी कढत पाणी घेत नाही. हिवाळ्यात त्रास अधिक होतो, तो या फरकामुळे. पाण्याचीही भर पडते. शहराला नर्मदेचे पाणी जलूदहून चढवून आणले जाते, तरी अनेक घरे आणि इमारती बोअरवेलवर चालतात, आणि काळ्या पाषाणातून उपसलेले हे पाणी पुष्कळदा जड असते. जड पाण्यात फेस नीट होत नाही, म्हणून साबण जास्त घासला जातो. त्याचा चिकट साका मात्र अंगावरच राहतो.

त्वचेचा हा वरचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचा असतो. त्याची रचना विटा-चुन्याच्या भिंतीसारखी मानली जाते. चपट्या मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हा चुना. पेशींच्या आत ओलावा धरून ठेवणारे पदार्थ ‘फिलाग्रिन’ या प्रथिनापासून तयार होतात. काहींच्या त्वचेत जनुकीय दोषामुळे फिलाग्रिन कमी असते. अशा माणसांची त्वचा लहानपणापासून मासोळीच्या खवल्यांसारखी दिसते, तळहातांवर रेषांचे दाट जाळे असते आणि एक्झिमा होण्याची शक्यता वाढते. हा संबंध २००६ साली सिद्ध झाला. ‘मुलगा नीट अंघोळ करत नाही’ म्हणून अशा मुलाला काथ्याने घासणाऱ्या घरांनी हे जरूर समजून घ्यावे.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, त्याचा सामू ५ च्या जवळपास असतो. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. साबण मळाबरोबर पेशींमधला स्निग्ध पदार्थही धुऊन नेतो, आणि कढत पाणी ते काम आणखी जलद करते. थरात पाणी कमी झाले की तो चिरतो, आतले मज्जातंतू चेतवले जातात, खाज सुटते. खाजवल्याने थर आणखी फाटतो आणि खाज वाढते. उपचाराचा सारा भर हे चक्र तोडण्यावर असतो.

मराठी घरांत यासाठीचे ज्ञान सणवारांच्या रूपाने टिकले आहे. आयुर्वेदाच्या दिनचर्येत अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणे, रोजचे सांगितले आहे, आणि डोके, कान व पाय यांवर विशेष भर दिला आहे. होळकरांबरोबर आणि त्यांच्यानंतर माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांनी नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि भोगीला तीळ लावून केलेली अंघोळ या दोन्ही रीती जपल्या. दोन्हींचा काळही नेमका आहे. पहिली कोरडा हंगाम सुरू होताना येते, दुसरी तो ऐन भरात असताना. तेल मात्र त्या दोन दिवसांपुरतेच उरले, हे या रीतींचे खरे नुकसान. माळव्यात ते दिवाळीपासून होळीपर्यंत रोज लागते.

रीतीत एक सुधारणाही हवी. तेल लावायचे, उटणे खसाखसा घासायचे, वरून बंबाचे किंवा गीझरचे कढत पाणी आणि साबण घ्यायचा, असा क्रम ठेवला तर लावलेले तेल जवळजवळ सगळे वाहून जाते. त्वचेला नुसते तेल पुरत नाही. तिला आधी पाणी हवे आणि मग ते पाणी आत अडवणारा थर हवा. म्हणून कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटांत अंघोळ उरकावी, साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवावा, अंग टॉवेलने टिपावे आणि ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावावे. एवढ्या एका बदलाने बहुतेकांची खाज आठवड्याभरात उतरते. महागड्या बाटल्या त्यानंतर गरज पडली तरच घ्याव्यात.

कोणते स्निग्ध द्रव्य घ्यावे, यावर घरोघरी वाद असतो. पाणी अडवण्यात पेट्रोलियम जेली सर्वांत प्रभावी आहे. व्हॅसलीनचे पेटंट रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली घेतले, आणि आजही तिच्याइतके स्वस्त व निर्धोक मलम सापडत नाही. खोबरेल तेलही चांगले. फिलिपिन्समधील २००४ च्या एका छोट्या चाचणीत कोरड्या त्वचेवर ते खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. मोहरीच्या तेलाने मात्र त्वचेची भरपाई मंदावते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे, तर सूर्यफुलाच्या तेलाने ती सुधारते. म्हणून तान्ह्या बाळाच्या मालिशीला मोहरीपेक्षा खोबरेल किंवा सूर्यफूल बरे. ग्लिसरीन पाणी ओढून धरते. ते गुलाबपाण्यात मिसळून लावण्याची जुनी पद्धत योग्यच आहे, फक्त त्यावर जेलीचा किंवा तेलाचा हात फिरवावा. टाचांच्या भेगांसाठी कोकणातले मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, उत्तम. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून, मुठेल लावावे आणि मोजे घालावेत. भेगा फार जाड असतील तर युरिया असलेले मलम औषधाच्या दुकानात मिळते, पण चिरलेल्या जागी ते चुरचुरते. प्रौढ माणसाच्या सर्वांगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागते. बोटाच्या टोकावर घेतलेल्या थेंबाने काही साधत नाही.

उटण्यातले चंदन, वाळा, नागरमोथा हे सुगंधासाठी ठीक, पण मुलतानी माती आणि संत्र्याची साल कोरड्या त्वचेवरचे तेल शोषतात. बावची असलेले उटणे लावून उन्हात बसू नये. तिच्यातल्या सोरालेनमुळे त्वचा भाजू शकते. डाळीचे पीठ वापरायचे तर साय घालून, न घासता.

बडा गणपती मंदिरातल्या मूर्तीच्या संदर्भात शेंदराचा वेगळा उल्लेख आवश्यक आहे. १८७५ साली घडवली गेली असे सांगितले जाते, ती ही सुमारे २५ फुटी मूर्ती विटा, चुना, गूळ आणि तीर्थक्षेत्रांची माती यांपासून बनवल्याची परंपरा आहे. तिला वर्षातून चार वेळा तूप आणि शेंदूर यांचा चोळा, म्हणजे लेप, चढतो. मूर्तीच्या चोळ्यातला शेंदूर प्रसाद म्हणून कपाळी लावण्याची श्रद्धा आदराने जपावी, पण फुटलेल्या, खाजणाऱ्या त्वचेवर तो लावू नये. बाजारातल्या शेंदराच्या तपासण्यांत शिसे आढळले आहे आणि काहींना त्याची अॅलर्जीही येते. लहान मुलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्यांचे हात तोंडात जातात.

घरात आणखी काही पाळावे. लोकरीच्या स्वेटरखाली सुती कपडा घालावा, नखे कापलेली ठेवावीत, खाज सुटली की ओरबाडण्याऐवजी ओला गार कपडा ठेवावा. भरपूर पाणी प्यायल्याने त्वचा मऊ होते, ही समजूत फारशी खरी नाही. जेली किंवा तेल मुरलेले कपडे लवकर पेट घेतात, म्हणून ते घालून शेगडी, शेकोटी किंवा निरांजनाजवळ बसू नये. तेल लावलेल्या पायांनी ओल्या न्हाणीघरात वृद्ध माणसे घसरतात, त्यामुळे त्यांना अंघोळ आटोपल्यावर बसूनच तेल लावावे.

प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला होणारी, घरात एकाहून अधिक जणांना लागलेली खाज ही बहुधा खरूज असते. तिच्यावर तेल चालत नाही. पर्मेथ्रिन मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे. गोल कडा असलेला चट्टा बहुधा गजकर्णाचा असतो. त्यावर दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावल्यास खाज चार दिवस थांबते आणि गजकर्ण पसरते. भारतात हे इतके वाढले, की २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

पुरळ नसताना सर्वांगाला खाज सुटणे, विशेषतः उतारवयात, हे मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या विकारांचे किंवा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर रक्ततपासणी लगेच करून घ्यावी. मधुमेहींनी टाचेची भेग साधी समजू नये. तीत पू, लाली किंवा बधिरता दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी दोन आठवडे नेटाने कोमट अंघोळ आणि ओल्या अंगावर मलम हा क्रम पाळूनही फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.