मचव्यावरील विजेची तार

विजेचा दिवा जहाजावर चढला तेव्हां त्याचें स्वागत सर्वांनींच उत्साहानें केलें, असें नाहीं. १८७९ च्या अखेरीस मेन्लो पार्क येथें एडिसनचे दिवे पाहून हेन्री व्हिलार्ड नांवाचे जहाजकंपनीचे अध्यक्ष मोहून गेले, व आपल्या 'कोलंबिया' या नव्या आगबोटीवर तेच दिवे हवेत असा त्यांनीं हट्ट धरला. जहाज बांधणाऱ्या जॉन रोचला मात्र आगीची धास्ती वाटली. अखेर एडिसनच्या माणसांनींच न्यूयॉर्क बंदरांत तारा ओढल्या, आणि १८८० सालीं शंभराहून अधिक दिवे घेऊन ही आगबोट दक्षिण अमेरिकेला वळसा घालून पॅसिफिक किनाऱ्यास सुखरूप पोंचली. मौज अशी कीं, दिव्याची कळ उतारूंच्या हातीं दिलेली नव्हती; ती खोलीबाहेर, कुलुपबंद पेटींत असे.

पण समुद्रावर विजेस आगीहून चिवट असे दोन वैरी आहेत. पहिला वैरी वीज स्वतःच. कोपनहेगनच्या ओर्स्टेडनें १८२० मध्यें दाखवून दिलें होतें कीं, प्रवाह वाहणारी तार होकायंत्राची सुई ढळविते. लोखंडी जहाजांवर पुढें काटकसरीची एक युक्ति निघाली: जातांना एकच तार, परततांना प्रवाह जहाजाच्या अंगांतून! तारेचा खर्च निम्मा झाला, पण त्या एकाकी तारेजवळ होकायंत्र खोटें बोलूं लागलें. जाणारी व येणारी अशा दोन तारा एकमेकींस पीळ देऊन नेल्या म्हणजे एकीचा परिणाम दुसरी पुसून टाकते. लांकडी मचव्यावर तर ही काटकसर शक्यच नाहीं. तेथें दोन्ही तारा हव्यातच, आणि होकायंत्रापाशीं त्या पिळलेल्या हव्यात.

दुसरा वैरी खारें पाणी. घरांतील साधी तांब्याची तार मचव्यावर वापरली कीं, पाणी उघड्या टोंकापासून आवरणाखालून तंतूंच्या फटींत चढत जातें. वरून तार नवी दिसते, आंत तांब्यास हिरवा कळंक चढलेला असतो. प्रवाहास अडथळा होतो, सांधा तापतो, दिवा मंद होतो. म्हणून समुद्रावरील तारेच्या प्रत्येक तंतूस कथिलाची कल्हई असते. कल्हईचें महत्त्व आपल्या गृहिणींस निराळें सांगावयास नको.

खाऱ्या पाण्यांत दोन धातु एकत्र आले कीं आपोआप वीज उत्पन्न होते, हें हम्फ्री डेव्ही जाणून होता. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा झिजे. १८२४ च्या सुमारास त्यानें त्यास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. ते झिजले आणि तांबें वांचलें. परंतु विरघळणाऱ्या तांब्याचें विष नाहींसें होतांच तळाला शेवाळ व शिंपले बिलगले, जहाजें मंदावलीं, आणि आरमारानें ती योजना सोडून दिली. तत्त्व मात्र अचूक होतें: आज पंख्याजवळ जस्ताची वडी बसवितात ती त्याच विद्येची.

आतां सातपाटी, वेसावें किंवा हर्णै येथील एखादा मचवा पाहा. प्रथम आलें यंत्र व त्याची बॅटरी; मग दिवे; मग रेडिओ, मासे हुडकणारें यंत्र, उपग्रहावरून ठिकाण सांगणारें यंत्र. प्रत्येक वस्तु निराळ्या वर्षीं, निराळ्या हातानें बसविलेली. जुनी काढण्याचे श्रम कोण घेतो? तिच्यावर नवी तार चढते, आणि बिघाड झाला असतां कोणती तार कोठें जाते हें खुद्द तांडेलासहि सांगतां येत नाहीं. डावीकडचा तांबडा व उजवीकडचा हिरवा दिवा विझला तर रात्रीं येणाऱ्या मोठ्या आगबोटीस मचव्याची दिशाच कळत नाहीं. तळाचें पाणी उपसणारा पंप बंद पडला, तर तें कळतें पाय भिजल्यावर.

माझ्या मतें दुरुस्तीचा आरंभ नव्या तारेनें करूं नये, मेलेल्या तारा उपटण्यानें करावा. मग बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज. कारण त्याच्या अलीकडील तारेस कोणीच वाली नसतो. सांधे तळाच्या पाण्याच्या वर ठेवावेत. उपकरणांत शिरण्यापूर्वीं तारेस खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारें पाणी तेथेंच टपकतें. प्रत्येक टोंकास खूणचिठी बांधावी. आणि तळांत लोंबणारें एखादें जिवंत टोंक सांपडलें, तर तें त्याच दिवशीं काढावें. त्यांतून पाझरणारा प्रवाह पंख्याच्या दांड्याचा धातु जस्ताच्या वडीलाहि न जुमानतां थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो.